बैठकीचा विचार

मणक्याला मार बसून पायांतील शक्ती आणि संवेदना गेलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी न्यावयाचे दिवस जवळ आले, की कुटुंबाची जी धांदल उडते, तीत बिलाचा भरणा, रुग्णवाहिकेची तजवीज, घरातील पलंगाची हलवाहलव आणि गावाकडून येणाऱ्या नातेवाइकांची सोय या साऱ्यांचा विचार झाल्यावर, सर्वांत शेवटी, पुष्कळदा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, कोणाला तरी आठवण होते की व्हीलचेअर घ्यावयाची राहिलीच. मग धाकटा भाऊ किंवा मेहुणा रुग्णालयाच्या फाटकासमोरील दुकानात जातो, दुकानदार भिंतीशी घडी करून ठेवलेली एक खुर्ची ओढून फटकन उघडून दाखवतो, ‘अठरा इंची आहे, सगळ्यांना बसते’ असा निर्वाळा देतो, आणि पुढची कित्येक वर्षे ज्या वस्तूवर तो मनुष्य दिवसाचे दहा-बारा तास काढणार, तिची निवड पाच-दहा मिनिटांत उरकली जाते. चपला घ्यावयाच्या असल्या तर माणूस त्या निदान पायात घालून चार पावले चालून तरी पाहतो. येथे तर ज्याच्यासाठी खरेदी चालली आहे, तो वरच्या मजल्यावर खाटेवर असतो. गादीची गोष्ट तर निघतच नाही. घरी गेल्यावर एखादी उशी घालू, असे ठरते.

हा क्रम उलटा करावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे. प्रस्तुत लेखिकेची उमेदीची वर्षे एका सार्वजनिक रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात अशा माणसांच्या अंगाची मापे घेण्यात गेली, आणि त्यावरून तिचे ठाम मत असे झाले आहे की पैसा मोजकाच असेल, तर त्यातील पहिला हिस्सा गादीसाठी, म्हणजे ज्याला आता सर्रास कुशन म्हणतात त्यासाठी, बाजूला काढावा, आणि उरलेल्या पैशात अंगाच्या मापाची जी साधी खुर्ची मिळेल ती घ्यावी. खुर्ची चकचकीत आणि तिच्यावर घरातील जुनी उशी, या व्यवहारात वाचलेले पैसे पुढे जखमेच्या मलमपट्टीत आणि शस्त्रक्रियेत अनेक पटींनी भरावे लागतात.

गादीला एवढे महत्त्व का, हे शरीराची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येते. आपण ताठ बसतो तेव्हा धडाचा बहुतेक भार नितंबांतील दोन हाडांच्या टोकांवर, ज्यांना बैठकीची हाडे म्हणतात त्यांवर, येतो, आणि त्या हाडांच्या व आसनाच्या मध्ये सापडलेल्या मांसातील रक्तप्रवाह त्या दाबाने खुंटतो. धडधाकट मनुष्याला याची झळ लागत नाही. कारण थोड्या वेळाने तेथे रग लागते आणि गप्पांच्या ओघात, नाटक पाहताना, कचेरीत काम करताना तो नकळत बैठक बदलतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसापाशी ही रग पोहोचतच नाही. त्यात इजेनंतर नितंबांचे स्नायू झिजत जातात, त्यामुळे निसर्गाने दिलेली गादी पातळ होते. घाम आणि लघवीचा ओलावा कातडी नरम करतो. आणि पलंगावरून खुर्चीवर सरकताना कातडी घासली जाते. शिवाय या दाबाने होणाऱ्या व्रणाचा आरंभ पुष्कळदा आत, हाडालगत होतो, आणि कातडीवर जेव्हा पैशाएवढा डाग दिसतो, तेव्हा आतील नासाडी त्याहून बरीच मोठी झालेली असते.

इंग्लंडात स्टोक मँडविल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये मणक्याच्या जखमींसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यापूर्वी अशा जखमींच्या जगण्याची आशा वैद्यांनीच सोडलेली असे, आणि त्यांचा बळी घेणारी गोष्ट मणक्याची इजा ही नसून शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग या दोन असत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीदेखील, रुग्णाची कूस बदललीच पाहिजे असा दंडक घातला आणि तो कडकपणे पाळून घेतला. त्यांनी अशा रुग्णांसाठी सुरू केलेल्या आणि पुढे जागतिक कीर्ती पावलेल्या क्रीडास्पर्धा या अशा शिस्तीने जगलेल्या माणसांच्या स्पर्धा होत्या. पलंगावरील कूस बदलण्याचे महत्त्व आता आपल्या रुग्णालयांतही बऱ्यापैकी रुजले आहे. खुर्चीवरील बैठकीच्या बाबतीत मात्र अजून पुष्कळ हयगय होते.

साताऱ्याकडील एक तरुण, विहिरीच्या कामावर असताना खाली पडून कमरेखाली लुळा झालेला, घरी गेल्यावर काही महिन्यांनी तपासणीसाठी आला, तेव्हा त्याच्या उजव्या बैठकीच्या हाडावर रुपयाएवढा काळपट, हाताला टणक लागणारा डाग होता. त्याच्या नितंबांची रुंदी जेमतेम चौदा इंच आणि खुर्ची अठरा इंची. त्यामुळे त्या मोकळ्या जागेत तोल सावरण्यासाठी तो दिवसभर उजवे कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून रेलून बसे, खालचे रेक्झिन झोळीसारखे खचलेले असल्याने कंबर आणखीच उजवीकडे कलंडे आणि सगळा भार एकाच हाडावर येई. आसनावर आईने चौघडी करून मायेने घातलेली वाकळ होती. ‘बाई, खुर्ची चांगली दणकट घेतलीय, खाली मऊ वाकळ पण घातलीय, मग ही जखम आली कुठनं?’ असे त्या माउलीने विचारले. ‘मावशी, तळहात वर करून वाकळेवर ठेवा आणि सरकवत त्याच्या खाली न्या बघू,’ असे सांगितल्यावर तिने हात घातला, आणि वरून हाडाचा टोकदार गोळा व खालून रेक्झिनखालची आडवी नळी यांच्यामध्ये तिची बोटे चिमटली. तिने हात काढून घेतला आणि मुलाकडे पाहिले. समजावून सांगण्याचे काम तेवढ्यानेच झाले. तो डाग जाईपर्यंत मुलाला बसणे वर्ज्य करून पालथे झोपवावे लागले. नंतर रेक्झिनवर प्लायवुडची फळी, तिच्यावर कापून आकार दिलेला दोन थरांचा फोम आणि अरुंद खुर्ची एवढ्या सामग्रीवर त्याची बैठक सरळ झाली.

ही हात घालून पाहण्याची परीक्षा प्रत्येक घराने शिकून घ्यावी, कारण तिला कोणतेही यंत्र लागत नाही. माणूस नेहमीप्रमाणे बसलेला असताना सर्वांत खाली आलेल्या हाडाखाली हात न्यावा. हाड आणि आसनाचा तळ यांच्यामध्ये गादीचा जाणवण्याइतका थर शिल्लक असला पाहिजे. तो नसेल, तर त्या गादीची किंमत कितीही असो, ती निकामी आहे.

गाद्यांचे बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात, आणि विक्रेता काहीही म्हणो, त्यांतील कोणताही एक सर्वांसाठी उत्तम नाही. फोमची गादी स्वस्त, हलकी आणि स्थिर असते. जिच्यात खाली कडक व वर मऊ असे थर असून मागच्या बाजूला बैठकीच्या हाडांसाठी खोलगा आणि पुढे मांड्यांसाठी किंचित उंचवटा केलेला असतो, ती चांगली, कारण त्या उंचवट्यामुळे कंबर पुढे घसरत नाही आणि भार हाडांवरून मांड्यांवर वाटला जातो. सोफ्याच्या दुकानातून कापून आणलेला एकजिनसी नरम फोम पहिल्या दिवशी सुखद लागतो आणि थोड्याच महिन्यांत पापडासारखा होतो. चांगला फोमदेखील एक-दोन वर्षांत दम सोडतो. अंगठ्याने दाबल्यावर खळगा सावकाश भरू लागला किंवा भरलाच नाही, की त्याची मुदत संपली असे धरावे. ओल ही फोमची दुसरी खोड. कोकणच्या पावसाळ्यात एकदा भिजलेला फोम आठवडाभर वाळत नाही आणि त्याला वास येऊ लागतो. म्हणून फोमला आतून पाणी न शिरणारे पातळ आवरण आणि त्यावर धुता येणारा, ताणला जाणारा अभ्रा असे दोन पदर असावेत. अभ्रे दोन ठेवावेत. मात्र अभ्रा तंग शिवू नये, कारण तंग कापड स्वतःच झोळी बनून माणसाला गादीत उतरू देत नाही.

जेलच्या गाद्यांत दाब बरा वाटला जातो आणि कातडीला थंडावा लागतो. पण त्या जड असतात, एका जागी बसून बसून जेल बाजूला सरकते व ते अधूनमधून हाताने मळून पुन्हा जागेवर आणावे लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंगणात किंवा बंद मोटारीत राहिलेली जेलची गादी इतकी तापते, की संवेदना नसलेल्या कातडीला भाजून फोड येऊ शकतो. अशी गादी अंगाखाली घेण्यापूर्वी आपल्या हाताच्या मागच्या बाजूने तिचा ताव पाहावा.

हवेच्या गाद्या, म्हणजे ज्यांत रबराच्या उभ्या बोंडांचे एकमेकांशी जोडलेले कप्पे असतात त्या, ज्यांना एकदा व्रण होऊन गेला आहे किंवा ज्यांची हाडे फार वर आलेली आहेत, त्यांच्यासाठी बहुधा सर्वांत सुरक्षित ठरतात. पण त्या नीट वापरल्या तर. जास्त हवा म्हणजे जास्त मऊ, या समजुतीने लोक गादी फुगवून टणक करतात आणि मग माणूस गादीत न उतरता फुग्यावर तरंगत बसतो, त्यामुळे हाडांवरचा दाब कमी होण्याऐवजी वाढतो. योग्य रीत अशी, की आधी पुरेशी फुगवावी, माणसाला बसवावे, आणि हात हाडाखाली ठेवून हवा हळूहळू सोडावी. हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच अंतर उरले, की झडप बंद करावी. ही तपासणी नित्याची ठेवावी, आणि महाबळेश्वरला किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावी गेल्यास वर पोहोचल्यावर पुन्हा करावी, कारण उंचीवर आतील हवा प्रसरण पावून गादी ताठ होते. पंक्चर काढण्याची सामग्री आणि एक साधी फोमची गादी राखीव ठेवावी. ज्यांचा धडाचा तोल कच्चा आहे, त्यांना हवेच्या गादीवर डुगडुगल्यासारखे होते आणि पलंगावर सरकणेही अवघड जाते. त्यांच्या बाबतीत आकार दिलेला फोम किंवा फोमच्या पायावर मागे हवेचे कप्पे बसवलेली मिश्र गादी अधिक श्रेयस्कर. मध्ये भोक असलेली गोल रबरी रिंग, जी मूळव्याधीच्या रुग्णांसाठी औषधांच्या दुकानात मिळते, ती मात्र कोणीही वापरू नये; तिच्या कडेचा वेढा भोवतालचा रक्तपुरवठाच आवळतो.

गादी कोणतीही असली, तरी ती भार हलका करते, नाहीसा करत नाही. म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवणे अटळ आहे. हातांवर जोर देऊन अंग उचलण्याची जुनी पद्धत पुष्कळ ठिकाणी अजून शिकवतात. परंतु दाबलेल्या मांसात रक्त पूर्ववत खेळावयास दोनेक मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ हातांवर अंग तोलून धरणे बहुतेकांना जमत नाही, शिवाय खांदे झिजतात ते वेगळेच. त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांकडे नेणे, किंवा एकदा एका बाजूला व मग दुसऱ्या बाजूला पुरेसे कलणे बरे. सकाळी आणि रात्री आरशाने कातडी पाहावी. इंग्रजी पुस्तकांत लाल डाग शोधावा असे लिहिलेले असते, पण आपल्या सावळ्या वर्णावर लाली सहसा उमटत नाही. म्हणून रंगाचा काळपटपणा, भोवतालच्यापेक्षा उष्ण किंवा टणक लागणारी जागा, यांचा शोध घ्यावा, आणि बसणे थांबवून अर्ध्या तासात असा डाग गेला नाही, तर तो जाईपर्यंत त्या हाडावर बसू नये. जीन्सच्या मागच्या खिशांची जाड शिवण, खिशातील किल्ल्या, अभ्र्याची सुरकुती यांनीही व्रण झालेले आहेत. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर आहे, त्यांना अशा टोचणीने किंवा आवळलेल्या पट्ट्याने एकाएकी रक्तदाब भडकून डोके ठणकू लागते व घाम सुटतो. अशा वेळी ताबडतोब ताठ बसवून कारण शोधावे, प्रथम लघवीची नळी अडली आहे का ते पाहावे, आणि लक्षणे ओसरली नाहीत तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आता खुर्चीकडे वळू. घडी होणाऱ्या ज्या लोखंडी खुर्च्या आपण सर्वत्र पाहतो, त्यांचा वंश अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट या खाणीच्या अपघातात पाठ मोडलेल्या अभियंत्यापर्यंत जातो. मोटारीत मावावी म्हणून त्याने आपला मित्र हॅरी जेनिंग्स याच्या साहाय्याने १९३० नंतरच्या काळात ही घडीची खुर्ची तयार केली. पुढे १९७८ मध्ये ग्लायडरवरून पडून पायांनी अधू झालेल्या मॅरिलिन हॅमिल्टन यांना तिचे वजन असह्य झाले, आणि त्यांनी ग्लायडर बांधणाऱ्या दोन मित्रांकडून त्याच अॅल्युमिनियमच्या नळ्यांची हलकी खुर्ची बनवून घेतली. आजच्या बहुतेक हलक्या खुर्च्या त्या कल्पनेच्या वंशज होत. दोन्ही वेळा सुधारणा ज्याला स्वतःला बसावयाचे होते त्याने केली, ही गोष्ट दुकानात सोबत गेलेल्या काका-मामांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडेही आता आयआयटी मद्रासच्या संशोधनातून निघालेल्या निओफ्लायसारख्या, मापाप्रमाणे जुळवून देणाऱ्या देशी खुर्च्या मिळू लागल्या आहेत. परदेशी मालाशिवाय गत्यंतर नाही, ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

माप घेण्यासाठी माणसाला कडक बाकावर, पाय खाली टेकवून, शक्य तितके ताठ बसवावे. नितंबांच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभे टेकवून त्या दोन पुस्तकांमधील अंतर टेपने मोजावे. टेप अंगाभोवती वळवून घेतलेले माप चुकीचे असते. आसनाची रुंदी या मापाएवढी, फार तर एक इंच अधिक असावी. नितंबाच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतची लांबी मोजून तीतून दीड-दोन इंच वजा केले, की आसनाची खोली मिळते. आसन याहून खोल असले तर कडा पोटरीला रुतते आणि माणूस पुढे घसरून माकडहाडावर बसू लागतो. मग व्रण तेथे होतो. पाटे, म्हणजे पाय ठेवण्याच्या फळ्या, अशा उंचीवर हव्यात की मांडी गादीवर पूर्ण टेकेल. गुडघे वर आले तर मांड्यांचा भार पुन्हा बैठकीच्या हाडांवर जातो. शिवाय पाटे आणि जमीन यांत किमान दोन इंच अंतर हवे, नाही तर उंबऱ्यावर अडकतील. ही उंची गादी घालूनच ठरवावी. तीन-चार इंच जाडीची गादी नंतर आणली, की पाटे, खुर्चीची पाठ आणि हात या तिन्हींची मापे बिघडतात. गादी आधी ठरवा, या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

स्वतः चाके फिरवणाऱ्याच्या खुर्चीची पाठ खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत किंवा त्याच्याही खाली असावी, म्हणजे हात मागे नेण्यास आडकाठी होत नाही. ज्याची इजा वरच्या पातळीवर असून धड सावरत नाही, त्याला उंच पाठ हवी. मोठ्या चाकाच्या आसाची जागा हा विषय दुकानांत कोणीच काढत नाही, वास्तविक खांद्यांचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. हात सैल सोडल्यावर बोटांची टोके आसापाशी पोहोचावीत आणि चाकाच्या माथ्यावर हात ठेवला असता कोपर काटकोनापेक्षा थोडे अधिक उघडे राहावे. आस जितका पुढे, तितकी खुर्ची हलकी चालते. पण तितकीच ती मागे उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून आस पुढे सरकवण्याची सोय असलेली खुर्ची घ्यावी, मागे उलटू न देणारी लहान चाके लावून घ्यावी, आणि सराव वाढेल तसतसा आस थोडा थोडा पुढे न्यावा. चाक लहान लहान हिसक्यांनी न ढकलता लांब, संथ हाताने ढकलावे. पायांचे काम आता खांदे करणार आहेत, आणि खांदे त्या कामासाठी घडलेले नाहीत. साधी लोखंडी खुर्ची सोळा-सतरा किलोंपासून वीस किलोंपर्यंत भरते, तर हलकी खुर्ची दहा-बारा किलोंच्या आसपास. हा फरक चढावर आणि रिक्षात खुर्ची चढवताना कळतो.

मानेच्या मणक्यात इजा होऊन ज्यांचे कोपर वाकते पण मनगट व बोटे चालत नाहीत, त्यांनी विजेवरच्या खुर्चीचा विचार करावा, मात्र तिचे वजन, घरासमोरच्या पायऱ्या आणि गावातील भारनियमन ध्यानात घेऊन. विजेच्या खुर्चीबरोबर कोणीतरी ढकलू शकेल अशी एक साधी खुर्चीही लागतेच. ज्यांचे मनगट वर उचलले जाते, त्यांना चाकाच्या कडीवर रबर चढवून सपाट जमिनीवर साधी खुर्ची चालवता येते. ज्यांचे हात संपूर्ण शाबूत आहेत, त्यांना केवळ पैसे आहेत म्हणून विजेची खुर्ची देणे हा प्रस्तुत लेखिकेच्या मते अपकार आहे.

खुर्ची आणण्यापूर्वी घर मोजावे. आसनाच्या रुंदीत सात-आठ इंच मिळवले, की खुर्चीची बाहेरची रुंदी येते. म्हणजे अठरा इंची खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच जागा अडवते, आणि चाळीतील किंवा जुन्या वाड्यातील न्हाणीघराचे दार चौकट वगळता पुष्कळदा बावीस-चोवीस इंचच असते. चौदा इंची खुर्ची त्यातून जाण्याची निदान शक्यता तरी असते. उतरण करावयाची तर दर इंच उंचीला एक फूट लांबी धरावी. खेड्यातील वाटेसाठी पुढची चाके मोठी आणि रुंद हवीत, कारण लहान चाक खड्ड्यात रुतून माणूस तोंडावर पडतो. टायर हवेचे आणि गावातल्या सायकलवाल्याकडे मिळणाऱ्या मापाचे असावेत. खुर्चीचे हात काढता येणारे आणि पाटे बाजूला वळणारे असल्याशिवाय पलंगावर सरकणे जिकिरीचे होते. शौचाच्या खुर्चीवरील कडक प्लॅस्टिकची बैठक ही विस्मरणात जाणारी जागा आहे. तेथे अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून तीही मऊ करून घ्यावी. मोटारीतही आपली गादी अंगाखाली घ्यावी.

इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कायमची खुर्ची घेऊ नये, असा सल्ला आहे. त्या काळात वजन उतरते, स्नायू झिजतात, मानेचा किंवा कमरेचा पट्टा निघतो आणि माणसाचे कौशल्य वाढते; तोवर भाड्याची खुर्ची चालेल, मात्र तिच्यावर चांगली गादी पहिल्या दिवसापासून हवी. अंतिम निवडीच्या वेळी व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्याकडून मापांचा लेखी तपशील मागून घ्यावा. मुंबईत हाजीअली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत या कामाची दीर्घ परंपरा आहे. साहाय्याच्या दृष्टीने केंद्र सरकारची १९८१ पासूनची एडिप योजना, जिच्याखाली कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची साधने मिळतात, आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांना दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागणारा पाच टक्के निधी, हे दोन मार्ग ठाऊक असावेत. दोन्हींसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र लागते. दाखल्याची दरखास्त जिल्हा रुग्णालयात रुग्ण असतानाच द्यावी, नंतरचे हेलपाटे वाचतात. साहाय्याच्या दरखास्तीत नुसते ‘व्हीलचेअर मिळावी’ असे लिहू नये. आसनाची रुंदी, खोली आणि गादीचा प्रकार नमूद करून मापांचा कागद जोडावा, म्हणजे कारकुनाला अठरा इंची पाठवताना निदान विचार करावा लागेल.

शेवटी एक विनंती दात्यांना. गणेशोत्सव मंडळे, सहकारी बँका आणि दानशूर गृहस्थ एखाद्या पुण्यतिथीला वा वाढदिवसाला एकाच मापाच्या पन्नास-पन्नास खुर्च्या व्यासपीठावरून वाटतात, छायाचित्रे निघतात, आणि त्यातील कित्येक खुर्च्या वर्षभरात गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या आढळतात. त्याच रकमेत पन्नासाऐवजी वीसच माणसांना द्या, पण त्यांची मापे आधी मागवा, प्रत्येक खुर्चीबरोबर योग्य गादी द्या, आणि दोन वर्षांनी ती गादी बदलण्यापुरते पैसे आजच बाजूला ठेवा.